पाऊण

१२ जानेवारी

प्रिय दादा,

तुझ्या पाऊणचा नमस्कार. वाकलो की टाके ओढतात, म्हणून आज कागदावरच वाकतो.

ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा गाठीसकट काढून टाकला. पण आसपासच्या दोन ग्रंथींतही रोगाचे कण सापडले, म्हणून आता औषध घ्यायचं आहे. सुई नाही, सलाइन नाही. गोळ्या, घरी बसून. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझे कान त्या सभांमधल्या कर्ण्यांनी खाल्ले.

डोस कसा ठरवतात ते ऐक, तुला गंमत वाटेल. आधी उंची. मग वजन. मी काट्यावर चढलो आणि म्हटलं, "सिस्टर, तुमचा काटा दोनशे ग्रॅम पुढे चालतोय." ती म्हणाली, "काका, आधी तुमचं होऊ द्या, मग काट्याचं ऑपरेशन करा." उंची आणि वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात. माझं दीड चौरस मीटरच्या जरा वर भरलं. घरी सांगितलं तर ही शिलाई मशीनवरूनच म्हणाली, "म्हणजे सिंगल चादरीचं कापड, तेही काठ न दुमडता." मग मूत्रपिंडं किती गाळतात ते रक्तावरून पाहिलं. शरीरात हे औषध मोडून टाकणारं एक द्रव्य असतं, काही लोकांत ते कमी असतं आणि त्यांना साधा डोसही विषासारखा चढतो. ती तपासणीही केली. माझं ठीक आहे. आलेला आकडा मग गोळ्यांत बसवायचा, कारण गोळी कापता येत नाही. सकाळी चार, संध्याकाळी चार, जेवणानंतर लगेच. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी, की पुन्हा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आकडा फक्त सुरुवातीचा. पुढचा डोस तुम्ही काय सांगता त्यावर ठरेल. हात, पाय, तोंड, पोट, सगळं सांगायचं. इथे शूर माणसांचं काम नाही."

आणखी एक. सख्ख्या भावंडांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी असं त्या दोनदा म्हणाल्या. तुझं ते रक्त जाणं थांबलं का?

तू मला पाऊण म्हणायला लागलास तेव्हा माझा हात दाराच्या कडीला पोचत नव्हता. परवा नर्सनं उंची घेतली. तुझं माप चुकलं नव्हतं.

तुझा
पाऊण


२० जानेवारी

प्रिय पाऊण,

पत्र वाचलं. चौरस मीटर, चादर, दोनशे ग्रॅम. काटेदुरुस्तीवाला आजारी पडला तरी मापातच आजारी पडतो.

माझी काळजी सोड. मला मूळव्याध आहे, तिला मी माझ्या विरोधकांसारखं वागवतो. मधूनमधून रक्त काढते, पण निवडून येत नाही. कुणाकडून नळी घालून घ्यायला मला वेळ नाही.

तुझ्याविषयी सांगतो. आजार म्हणजे मालक आहे. तो आधी गोड बोलतो, मग तडजोडीचा निरोप पाठवतो. त्या निरोपाला उत्तर द्यायचं नाही. चार आणि चार, शेवटच्या गोळीपर्यंत. आपल्या घरात रडतखडत जगायची पद्धत नाही. आई गेली तेव्हा मी स्मशानातून थेट सभेला गेलो होतो आणि दीड तास बोललो होतो, हे तुला आठवत असेल. तू मागच्या रांगेत बसून नाक पुसत होतास, तेही मला आठवतं.

तुझ्या टाकेवालीला सांग, तुला रजईत गुंडाळून ठेवू नकोस.

दादा


९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पहिली फेरी पूर्ण झाली नाही.

आठवडाभर बरं गेलं. मग तळहात लाल झाले, मग पायाचे तळवे. चालताना गरम तव्यावर उभा असल्यासारखं वाटायचं. दुकानात काटा उघडला आणि बारीक स्क्रू चिमटीत धरवेना, बोटांची साल स्क्रूला चिकटून यायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या शेठ, उद्या येतो." तो उद्या अजून आलेला नाही. पोटाचं सांगायला लाज वाटते, पण दिवसातून सात-आठ वेळा पळत होतो.

नर्सचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "जरा त्रास आहे." ती म्हणाली, "जरा म्हणजे किती, काका? आमच्याकडे जरा नावाचा रकाना नाही. शर्टाची बटणं लावता येतात का?" मी म्हटलं, ही लावते. ती म्हणाली, "आणि संडासला नेहमीपेक्षा किती वेळा जास्त?" मी सांगितलं. तिनं त्याच मिनिटाला गोळ्या थांबवायला लावल्या.

पुढच्या सोमवारपासून दुसरी फेरी. आता चारच्या तीन. तीन सकाळी, तीन संध्याकाळी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोस पाऊण करतेय." मी इतका हसलो की टाके दुखले. म्हटलं, "तुम्हाला माझं घरचं नाव कुणी सांगितलं?" मी विचारलं, औषध कमी पडणार नाही ना? म्हणाल्या, "जे पोटात राहतं आणि माणसाला उभं ठेवतं, तेच औषध. बाकीचं नुसतं विष. पाऊण घेऊन सगळ्या फेऱ्या पुऱ्या करणारे मला आवडतात."

सुट्टीच्या दिवसांत साल भरून आली. काल पुन्हा स्क्रू धरला. दादा, माझ्या हातात स्क्रू राहिला यात मला केवढं सुख झालं ते तुला कळणार नाही, तू हातात फक्त माईक धरलास. पहिल्या फेरीतल्या उरलेल्या गोळ्या परत आणायला सांगितल्या होत्या, त्या विसरून कपाटातच राहिल्या. पुढच्या खेपेला नेईन.

पाऊण


१३ फेब्रुवारी

पाऊण,

हसलास? डोस पाऊण केला म्हणून तू हसलास?

मी वाचनालयात जाऊन बसलो. तुझ्या त्या क्षेत्रफळाची कुंडली काढली. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बोटांवर मोजता येतील इतकी माणसं घेतली, त्यांच्या अंगाला कागद चिकटवून कातडीचं माप काढलं आणि सूत्र बनवलं. आजही जगभर त्याच्यावर विषाची मात्रा ठरते. म्हणजे त्यांचा आकडाच अंदाजाचा, आणि त्या अंदाजाचाही तुला पाऊण हिस्सा. आणि तू टाके सांभाळत हसतोस.

संप आठव. व्यवस्थापनाचा निरोप आला, पाऊण माणसं परत घेतो, उरलेल्यांचं नंतर बघू. मैदानात मुंगीला जागा नव्हती. मी तो कागद सगळ्यांसमोर फाडला. पूर्ण, नाहीतर काहीच नाही. लोक अजून मला रस्त्यात गाठून सांगतात की काहीच मिळालं नाही. नाही मिळालं. कारखाना बंद पडला, तुझी वजनखात्यातली नोकरी गेली, कुणी भाजी विकली, कुणी फास घेतला. पण वाकलं कोणी नाही. त्या दिवशी घरी येऊन तू म्हणालास, "दादा, पाऊण घ्यायला हवं होतं." मी तुझ्या थोबाडीत मारली होती. आज समोर असतास तर पुन्हा मारली असती.

तुझं सगळं आयुष्यच पाऊण. उंची पाऊण, शिक्षण पाऊण, दुकानाची रुंदी पाऊण. बायको केलीस तीही कापून, मुडपून, बसवून देणारी. एक गोष्ट पूर्ण करायची वेळ आली, तर कातडी सोलली म्हणून नर्सच्या पदराआड लपलास. नर्सनं विचारलं आणि तू सांगितलंस. कोण सांगतं? जो मोजून देतो त्याच्यापुढे कण्हायचं नसतं, एवढंही मी तुला शिकवलं नाही का?

जगायचं तर पूर्ण डोसावर जग. मरायचं तरी पूर्ण डोसावर मर. पाऊणवर जगलेला भाऊ मला नको.

दादा


२५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. थोबाडीचं लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटायचं तू विसरलास.

कपाटातल्या गोळ्या उपयोगी पडल्या. तीनच्या चार केल्या. हॉस्पिटलला माहीत नाही, हिला माहीत नाही. तुलाच सांगतोय.

मधल्या तपासणीला जाऊन आलो. नर्सनं सगळं विचारलं. हात? उत्तम. पोट? नेहमीसारखं. तोंड? जेवतोय. हात मी कोटाच्या खिशात ठेवले होते, बाहेर गार वारा आहे म्हणालो. काट्यावर चढलो, वजन मागच्याइतकंच. ती म्हणाली, "काका, तुम्ही माझे सगळ्यात गुणी पेशंट." तिनं आता तो काटा शून्यावर आणून घेतला आहे. माझ्या सांगण्यावरून. मला जरा वाईट वाटलं.

अक्षर लागत नसेल तर माफ कर. पेन दोन्ही हातांनी धरलंय.

एक मागायचं आहे. ही फेरी पूर्ण झाली की पुढच्या पत्रात वर पाऊण लिहू नकोस. जे नाव शाळेत होतं ते लिही. तुझ्या अक्षरात ते मी कधीच पाहिलेलं नाही.

तुझा भाऊ


१ मार्च

प्रिय पूर्ण,

बघ, लिहिलं. शाळेतलं नाव मास्तरांनी हजेरी घ्यायला वापरलं, ते कशाला? हे नाव तू कमावलंस.

तुझं पत्र मी इथे चार जणांना वाचून दाखवलं. म्हटलं, हा माझा भाऊ. इतकी वर्षं तुला मागच्या रांगेत बसवलं, आज मला वाटलं, तुला मंचावर घ्यावं. नर्स फसली याचा विषाद मानू नकोस. मोजणाऱ्याला फसवणं हे मोजल्या जाणाऱ्याचं पहिलं स्वातंत्र्य आहे. हे वाक्य मी पुढच्या भाषणात वापरणार आहे.

शेवटची गोळी घेतलीस की एका ओळीनं कळव. फक्त 'पूर्ण' एवढं लिही.

दादा


७ मार्च

दादा,

तुमचं 'प्रिय पूर्ण' आज आलं. हे परवा गेले.

तुम्ही मला कधी पत्र लिहिलं नाहीत, मीही नाही. आता लिहिते, कारण तुम्हाला ओरडून सांगितलं तरी ऐकू येणार नाही.

ह्यांनी मला सांगितलं होतं की डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे, दुसऱ्या फेरीत असंच होतं. मी विश्वास ठेवला. दिवसातून तीन-तीनदा चादरी धूत होते आणि विश्वास ठेवत होते. तोंडात फोड आले होते, पाण्याचा घोट घेतला की डोळ्यांतून पाणी यायचं. पायाखाली मी कापसाच्या गाद्या शिवून दिल्या. त्यांना साल चिकटून यायची. तपासणीच्या आधी हे म्हणाले, "कोटाला आतून दोन खिसे शिवून दे, हत्यारं ठेवायला. जाड कापडाचे, वजन धरतील असे." मी दुहेरी शिलाई घातली. माझी शिलाई उसवत नाही.

तपासणीचं रक्त घेतलं होतं, त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. मूत्रपिंडं मंदावली होती, पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या. नर्सनं फोन केला, "काका, खरं सांगा, जुलाब होताहेत का?" मी शेजारी उभी होते. हे म्हणाले, "छे, परवाच्या दिवशी पाणी कमी प्यालो असेन." ती म्हणाली, "आजच या." हे म्हणाले, "सोमवारी येतो, दुकानात काम आहे." फोन ठेवून भिंत धरत न्हाणीघरात गेले. दुकान दोन आठवडे गिऱ्हाइकासाठी उघडलेलंच नाही.

सोमवार उजाडलाच नाही. ताप चढला, शुद्ध गेली, मी रिक्षा करून नेलं. तिथे कोट काढताना नर्सच्या हातून तो खाली पडला. फरशी वाजली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. खिशांतून पितळेची वजनं निघाली. एक दोन किलोचं, एक किलोचं. तेवढंच अंग झिजलं होतं, दुकानातल्या काट्यावर बरोबर मोजून घेतलं होतं. दादा, गिऱ्हाइकांनी काट्याखाली लोहचुंबक चिकटवून मागितला तर हा माणूस त्यांना पायरीवरून खाली उतरवायचा. जन्मात एकच काटा फसवला त्यांनी, आणि त्यावर स्वतः उभे होते.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी ती वजनं हातात घेतली. म्हणाल्या, "ते हसत होते हो, मी पाऊण म्हटलं तेव्हा. मला वाटलं, ह्यांना पटलंय." मग म्हणाल्या, "आम्ही कुठे ठरवतो डोस. आम्ही विचारतो."

मी त्यांना तुमच्याबद्दल काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांच्याकडे त्याचाही रकाना नसेल.

पाऊणची बायको


१९ मार्च

टाकेवालीस,

दुःखात हात आवरत नाही हे मी जाणतो. त्यामुळे तुझ्या पत्रातल्या तपशिलांकडे मी लक्ष दिलेलं नाही.

येत्या रविवारी शोकसभा ठेवली आहे. मी बोलणार. एका कष्टकऱ्याला पाऊण डोस देऊन घरी पाठवणाऱ्या व्यवस्थेला मी जाब विचारणार आहे. पत्रकं छापायला गेली आहेत. मथळा आहे, 'पाऊण औषध, पूर्ण मरण'. वजनांची गोष्ट तू कुणाशी बोलू नकोस. त्यानं आपली बाजू कच्ची होते.

तू मंचावर बसायचं आहेस. बोलायचं नाही, फक्त बसायचं. आणि त्याचा एक फोटो पाठव. माझ्याकडे आहे त्यात तो माझ्या मागे उभा आहे, नीट दिसत नाही.

दादा


३ नोव्हेंबर

तुला काय म्हणून हाक मारावी ते आठवत नाही. कधी मारलीच नाही.

सभेला तू आली नाहीस, फोटोही पाठवला नाहीस. मंचावर एक खुर्ची रिकामी ठेवावी लागली. टाळ्या पडल्या असं लोकांनी सांगितलं. मला ऐकू आल्या नाहीत.

मला मूळव्याध नव्हती. ऑगस्टमध्ये रक्त फार गेलं, दुर्बीण घातली, तेच निघालं. त्याच जागी. ऑपरेशन झालं. आता त्याच गोळ्या. मी उंच आहे, माझं क्षेत्रफळ मोठं भरलं. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. आठवा दिवस आहे. तळवे जळतात. काल बटण लावताना रडू आलं, खोलीत कोणी नव्हतं.

नर्स कागदावर प्रश्न लिहून पुढे करते आणि मी उत्तर लिहायचं. 'त्रास किती?' असा प्रश्न असतो. माझ्या हातून 'काही नाही' असंच लिहिलं जातं. पेन दुसरीकडे वळतच नाही. काल तिनं तो कागद पाहिला, माझे हात पाहिले, आणि पुन्हा तोच प्रश्न लिहिला. मी पुन्हा तेच लिहिलं.

पाच पुष्कळ होतात. त्याला कमी करून मिळाल्या होत्या. त्यानं नेमकं काय सांगितलं होतं? पहिल्यांदा काय झालं, मग काय, मग काय, ते क्रमानं लिहून पाठव. मला पाऊणवर यायचं आहे.

दादा


११ नोव्हेंबर

दादा,

क्रमानं लिहिते.

आधी तळवे लाल होतात. मग सुजतात, मग साल निघते. बटण लागत नाही ते लिहा. चालवत नाही ते लिहा. नेहमीपेक्षा किती वेळा जास्त जावं लागतं, तो आकडा लिहा. फोड आले, पाणी गिळवत नाही, लघवी कमी झाली, ताप आला, तर त्याच घटकेला हॉस्पिटलात जा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. 'काही नाही' लिहू नका. 'जरा' लिहू नका. खोटं काही लिहावं लागणार नाही, खरं पुरेसं आहे. तुमच्या भावाला ते पहिल्याच फोनवर जमलं होतं. मग तुमचं पत्र आलं.

तिथले लोक गोळ्या थांबवतील. हात भरून येतील. मग पाचाच्या जागी कमी देतील. घ्या. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका, परत द्या. तुम्हाला उलट लिहिणारा मोठा भाऊ नाही, त्यामुळे तुम्ही वाचाल असं मला वाटतं.

मला तुम्ही जगायला हवे आहात, दादा. हे मनापासून लिहिते. सगळ्या फेऱ्या पुऱ्या करा, वर्षानुवर्षं जगा. रोज जेवण झालं की पाऊण डोस तळहातावर घ्या, नीट बघा, आणि गिळा. तुम्हाला दुसरं कुणी काही म्हणणार नाही. म्हटलं तरी ऐकू येणार नाही.

त्यांचं शाळेतलं नाव मी तुम्हाला कळवणार नाही. तुम्हाला ते आठवतंय की नाही, हे बघायचंही नाही मला.

तुमच्याकडे गार वारा सुटला असेल, म्हणून सोबत त्यांचा कोट पाठवते. तुम्हाला तो आखूड होईल, पाऊणच बसेल. खिसे मी उसवले नाहीत आणि वजनंही काढली नाहीत. काट्यावर चढताना तेवढा अंगातून काढून ठेवा.

त्यांची बायको